वाचकांचे प्रश्न : "लाखो वर्षं कोणालाच कळलं नाही का?"

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, तीन वर्षं झाली आम्ही त्याला घरीच शिकवतोय. गणित-सायन्स नवऱ्याकडे आणि इतिहास-भाषा माझ्याकडे अशी वाटणी आहे, पण खरं सांगायचं तर मी कॉमर्सवाली, इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. सध्या आमचा आदिमानव चालू आहे. भटका माणूस स्थिर कसा झाला हा धडा जेमतेम दीड पानाचा, त्यात लिहिलंय की बी पेरलं की रोप येतं हे माणसाला समजलं, मग तो शेती करू लागला, शेतीमुळे नदीकाठी एका जागी राहू लागला आणि गावं वसली. मी तेच समजावलं तर हा म्हणतो, "मग त्याआधी लाखो वर्षं कोणालाच कळलं नाही का? सगळे मठ्ठ होते?" मला काहीच सांगता आलं नाही. त्याला नुसतं वाचायचा कंटाळा येतो, हाताने काही करायला दिलं की तासन्‌तास बसतो. हा विषय त्याला कसा शिकवू?

उत्तर : तुमच्या मुलाने जो प्रश्न विचारलाय ना, तोच या विषयाचा गाभा आहे, त्यामुळे आधी त्याला शाबासकी द्या आणि धडा तिथूनच सुरू करा. आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर साधारण ३ लाख वर्षांपासून आहेत आणि शेती आहे जेमतेम ११-१२ हजार वर्षांची. मेंदू तोच, हात तेच. मग इतका उशीर का?

ती माणसं मठ्ठ नव्हती हे त्याला पुराव्यानेच दाखवा. १९८९ साली इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराचं पाणी दुष्काळामुळे खूप खाली गेलं आणि काठावर एक जुनी वस्ती उघडी पडली, ओहालो-२ असं तिचं नाव. सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या फांद्या-गवताच्या झोपड्या, आणि पाण्या-चिखलाखाली हवा न लागल्यामुळे टिकून राहिलेले वनस्पतींचे ९० हजारांहून जास्त अवशेष! त्यात रानटी जव आहे, रानटी गहू आहे, धान्य वाटायचा दगड आहे. म्हणजे शेतीच्या दहा-अकरा हजार वर्षं आधी लोक धान्य गोळा करत होते, वाटत होते, खात होते. रोज झाडा-गवतावर ज्यांचं पोट आहे त्यांना बी मातीत पडलं की उगवतं हे कळत नसेल असं कसं होईल? कळत होतं हो. गरज नव्हती, आणि हवामानही साथ देत नव्हतं.

हवामानाचा मुद्दा पुस्तकात बहुतेक नसतोच, पण तो घ्या, नवऱ्याच्या सायन्सच्या तासाला जोडून घेतला तरी चालेल. हिमयुगात हवा थंड आणि कोरडी तर होतीच, शिवाय ती फार लहरी होती, काही दशकांत सगळं बदलून जायचं. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा दहा लाखांत १८०-१९० भाग इतका कमी होता, पुढे तो २६०च्या वर गेला, आणि झाडांचं अन्नच त्यावर अवलंबून, त्यामुळे त्या काळात पीक घ्यायचं म्हटलं तरी हाताला फारसं लागलं नसतं असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं आहे. ११,७०० वर्षांपूर्वीपासून हवामान उबदार आणि बऱ्यापैकी स्थिर झालं आणि मग पुढच्या काही हजार वर्षांत पश्चिम आशिया, चीन, मेक्सिको, अँडीज पर्वत, न्यू गिनी अशा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी लोकांनी आपापली शेती सुरू केली. हे नकाशावर त्याला स्वतःला मांडू द्या, गहू-जव कुठे, भात कुठे, मका कुठे, बटाटा कुठे. एकाच कोणाला तरी अक्कल आली आणि बाकीच्यांनी बघून केलं, ही कल्पना नकाशा रंगवता रंगवताच गळून पडते.

आता पुस्तकातला क्रम. आधी शेती, मग स्थिर वस्ती. ज्या भागाचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय त्या पश्चिम आशियात तरी हे उलटं दिसतं! तिथे नातुफियन म्हणून ओळखले जाणारे लोक होते, साधारण १५,००० ते ११,५०० वर्षांपूर्वीचे. शेती नाही, हरणं मारायची, रानटी धान्य कापायचं, पण दगडी पायाची गोल घरं बांधून वर्षातला बराच काळ, काही ठिकाणी जवळजवळ वर्षभर, एका जागी राहायचं. मग ते एका जागी राहत होते हे कशावरून? इथे मुलाला उंदराची गोष्ट सांगा, मला स्वतःला ती फार आवडते. घरात राहणारा उंदीर आणि रानातला उंदीर यांचे दात वेगळे असतात. उत्तर इस्रायलमधल्या ऐन मल्लाहासारख्या नातुफियन वस्त्यांत सापडलेले उंदरांचे बारीक बारीक दात संशोधकांनी मोजले, तर ज्या काळात माणसं जास्त दिवस मुक्कामाला होती त्या थरात घरउंदरांचं प्रमाण जास्त, आणि माणसं पुन्हा जास्त फिरू लागली त्या थरात रानउंदीर वाढलेले. माणूस कुठे किती टिकून राहिला याची नोंद उंदराने करून ठेवली, आणि ती १५,००० वर्षांपासूनची आहे, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीची.

मग उंदरांपासून सरळ कोठारावर या. मृत समुद्राजवळ, जॉर्डनमधल्या ध्रा या ठिकाणी सुमारे ११,३०० वर्षांपूर्वीची कोठारं सापडली आहेत, त्यांची जमीन मुद्दाम वर उचललेली, खालून हवा खेळावी आणि उंदीर-ओल लागू नये म्हणून. आणि आत काय, तर रानटीच जव! धान्य अजून माणसाळलेलं, म्हणजे माणसाच्या पेरणी-कापणीने बदललेलं, नाही पण कोठार आहे. कोठार बांधलं की माणूस त्याला सोडून लांब जात नाही, ही गोष्ट तुम्हाला कॉमर्सवाल्यांना आमच्यापेक्षा चांगली समजावता येईल. भटक्या माणसाची शिल्लक म्हणजे त्याच्या पाठीवर मावेल तेवढी, आणि कोठारवाल्याची शिल्लक एका जागी अडकलेली, तिची राखण आली, वाटणी आली, हिशोब आला. मुलाला एक यादी करायला सांगा, उद्या आपल्याला चालत निघायचंय, वर्षातून आठ-दहा वेळा जागा बदलायची आहे, काय काय घेशील, आणि कोठार भरलेलं असेल तर त्यातलं काय काय मागे राहील.

रानटी धान्यावर गाव पोसणं शक्य आहे का, असं तो विचारेलच. जॅक हार्लन नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये आग्नेय तुर्कस्तानात हे करून पाहिलं. डोंगरउतारावर रानटी गहू आपोआप उगवतो, तो त्याने हाताने आणि गारगोटीच्या पात्याच्या विळ्याने काढला. तासाला साधारण एक किलो साफ धान्य! त्याचा हिशोब असा, की एखाद्या कुटुंबाने पिकायच्या दिवसांत तीन आठवडे मन लावून काम केलं तर वर्षभर लागेल त्याहून जास्त धान्य जमेल. मग शेत नांगरायची घाई कोणाला असणार?

आता हाताने करायच्या गोष्टी, कारण तुमचा मुलगा त्यातला आहे. यातला पहिला खेळ अजिबात सोडू नका, कारण माणसाने गव्हाला कसं बदललं हे वाचून कळत नाही, खेळून कळतं.

रानटी गव्हाची ओंबी पिकली की दाणे आपोआप झडतात, तसे झडले तरच पुढच्या वर्षी उगवतील ना. पण हजारो झाडांत एखादं असं निघतं की ज्याचे दाणे झडतच नाहीत, धरून ठेवतात. रानात असं झाड बाद, त्याचं बी खाली पडणार कसं! आणि विळा घेऊन आलेल्या माणसाच्या हातात मात्र नेमकं तेच जास्त लागतं. कागदाचे १०० तुकडे करा, ९५ लाल म्हणजे झडणारे आणि ५ निळे म्हणजे धरून ठेवणारे. (खरं प्रमाण याहून फारच कमी असतं, खेळापुरते ५ घेऊ.) नियम असा, की कापणीच्या वेळी लाल दाण्यांतले निम्मे जमिनीवर सांडतात, निळे सगळे घरी येतात. घरी आलेल्यातलं जे प्रमाण, त्याच प्रमाणात पुढच्या वर्षी पुन्हा १०० पेरायचे. त्याला वहीत आकडे लिहू द्या. निळे ५ होते ते साधारण १० होतील, मग १७, मग ३०, मग ४६, मग ६३. पाचव्या कापणीला निळ्यांचं राज्य. कोणी ठरवलं नाही, कोणाला कळलंही नाही, नुसतं कापलं आणि त्यातलंच पेरलं.

मग त्याला सांगा की आता विळा नाही, टोपली आहे, ओंब्या टोपलीत झटकायच्या. आता लाल पडतात टोपलीत आणि निळे राहतात झाडावर, म्हणजे दोन-चार वर्षांत निळे संपले! पुढचा डाव, विळाच आहे पण दर तिसऱ्या वर्षी दुष्काळ, बियाणं खाऊन टाकलं, पुन्हा डोंगरावरून रानटी बी आणलं, की गाडी परत ५ वर. आणखी एक डाव, त्याच शेतात पेरायचं, मग गेल्या वर्षी सांडलेले लाल दाणेही तिथेच उगवतात आणि निळ्यांना वर येऊ देत नाहीत. हे चारही डाव झाले की त्याला विचारा, खऱ्या जगात याला किती वर्षं लागली असतील? कागदावरच्या हिशोबाने शे-दोनशे वर्षांत होऊ शकलं असतं, पण प्रत्यक्ष उत्खननातून दिसतं की गहू आणि जव पूर्ण माणसाळायला दोन-तीन हजार वर्षं गेली. जळून कोळसा झालेल्या दाण्याचा देठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कळतं, आपोआप झडलेल्या दाण्याचा व्रण गुळगुळीत असतो आणि मळून तोडलेल्याचा खडबडीत फाटलेला, आणि हे खडबडीत व्रण थरागणिक हळूहळू वाढत जातात. दोन हजार वर्षं म्हणजे २५ वर्षांची एक पिढी धरली तर ८० पिढ्या. एकाही आजीने आपल्या नातवाला "आमच्या वेळी आपण भटके होतो, आता शेतकरी झालो" असं सांगितलं नसणार, कारण कोणाच्याच एका आयुष्यात तेवढा फरक पडला नाही. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने १९३०च्या दशकात याला नवाश्मयुगीन क्रांती म्हटलं, शब्द आजही पुस्तकांत आहे, पण क्रांती म्हटलं की मुलांना एका रात्रीतली उलथापालथ वाटते, म्हणून तो शब्द शिकवा आणि ८० पिढ्यांचा हिशोबही त्याच्याच शेजारी लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, अर्ध्या तासाची. एक पाट्यासारखा सपाट खडबडीत दगड, एक हातात धरायचा दगड, मूठभर गहू. गुडघ्यावर बसायचं, पायाची बोटं मागे जमिनीत रोवायची आणि पुढे-मागे जोर देऊन पीठ करायचं. वाटीभर पीठ होईपर्यंत उठायचं नाही. तो वैतागेल, वैतागू दे, आणि मग विचारा कुठे कुठे दुखतंय. पायाचा अंगठा, गुडघे, कंबर. आता त्याला अबू हुरैराची गोष्ट सांगा. सीरियात युफ्रेटिसच्या काठावरचं हे गाव, धरणाखाली जाणार म्हणून १९७२-७३ मध्ये घाईघाईने खणलं, आज ते पाण्याखाली आहे. तिथे आधी शिकार-संकलन करणाऱ्यांची वस्ती होती आणि पुढे त्याच जागी शेतकऱ्यांचं गाव, म्हणजे आपल्याला हवा तो बदल एकाच ठिकाणी. तिथले सांगाडे थिया मोलेसन यांनी तपासले, तर शेतकरी गावातल्या हाडांत अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर खुणा, कमरेचे मणके दुखावलेले, आणि ते मुख्यतः बायकांच्या सांगाड्यांत. रोज तासन्‌तास गुडघ्यावर बसून दळण. ज्याने अर्धा तास ते केलंय त्या मुलाला हे वाक्य वेगळं समजतं, हे मी शिकवताना कितीदा पाहिलंय, मुलं एकदम गप्प होतात आणि स्वतःच्या पायाकडे बघतात.

नदीकाठचा मुद्दा राहिलाच. पहिली शेती मोठ्या नद्यांच्या गाळातच सुरू झाली असं नाही, बरीचशी पावसावरची, डोंगरपायथ्याची, झऱ्याकाठची होती, कालव्यांची मोठी शेती आणि शहरं हजारो वर्षं नंतरची. आणि त्याला वेळ असेल तर गोबेक्ली तेपेचे फोटो दाखवा, आग्नेय तुर्कस्तानात इ.स.पूर्व ९५०० च्या आसपास लोकांनी पाच-साडेपाच मीटर उंचीचे टी-आकाराचे कोरीव दगडी खांब उभे केले, आणि तिथे माणसाळलेल्या धान्याचा किंवा जनावरांचा पुरावा नाही. ते कशासाठी एकत्र येत असतील यावर त्याला स्वतःचं एक पान लिहू द्या, चूक-बरोबर करू नका, फक्त "हे कशावरून म्हणतोस?" एवढं विचारत राहा.

प्रश्न : आमच्या मुलीच्या (वय १३) डोक्यात गोंधळ झालाय. भटके म्हटलं की तिला मेंढ्या-उंट घेऊन फिरणारे, तंबूत राहणारे लोक दिसतात. तेच पुढे शेतकरी झाले का?

उत्तर : नाही, आणि हा गोंधळ मोठ्यांचाही होतो, कारण आपण दोघांनाही भटकेच म्हणतो. शेतीच्या आधीचे भटके म्हणजे शिकार करणारे आणि कंदमुळं-फळं-धान्य गोळा करणारे, त्यांच्याकडे कुत्रा सोडला तर पाळीव जनावर नव्हतं. कळप घेऊन फिरणारे पशुपालक नंतरचे, कारण आधी शेळी-मेंढी माणसाळायला हवी, आणि ती माणसाळली शेतीच्याच सुमारास, त्याच लोकांच्या आसपास.

मुलीला एक कोडं घाला. इराणमधल्या झाग्रोस डोंगरात गंज दारेह नावाची साधारण १०,००० वर्षांपूर्वीची वस्ती आहे. तिथल्या शेळ्यांच्या हाडांत नर बहुतेक सगळे कोवळ्या वयात मारलेले आणि माद्या मात्र चांगल्या वाढलेल्या. शिकारी तर सहसा मोठा धष्टपुष्ट नर बघतो, मग इथे असं का? थोडा विचार केला की ती स्वतःच सांगेल, माद्या पिल्लांसाठी राखल्या, जास्तीचे नर खाल्ले, म्हणजे ही शिकार नाही, कळप आहे. शिंगं-आकार बदलण्याच्या आधीच कळप ओळखायची ही युक्ती मेलिंडा झेडर आणि ब्रायन हेसी यांनी २००० साली मांडली.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची, घरीच शिकते. कुठलेतरी व्हिडिओ बघून तिचं ठाम मत झालंय की शेती ही माणसाने केलेली सगळ्यात मोठी चूक. मी वाद घालतो पण माझ्याकडे मुद्दे नाहीत. तिला चूक ठरवायचं नाहीये, पण इतकं सोपं असेल असं मला वाटत नाही.

उत्तर : तिच्या बाजूने बरंच काही आहे, ते आधी मान्य करा म्हणजे बोलणं पुढे जाईल. अनेक ठिकाणच्या सांगाड्यांत शेतीनंतर दात जास्त किडलेले दिसतात, वाढ खुंटल्याच्या आणि रक्त कमी असल्याच्या खुणा दिसतात, गर्दी आणि जनावरांच्या सहवासाने रोग वाढले. १९६०च्या दशकात रिचर्ड ली या मानवशास्त्रज्ञाने आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कलाहारी वाळवंटातल्या शिकारी-संकलक लोकांचा वेळ मोजला तेव्हा अन्न मिळवायला त्यांना आठवड्याला साधारण १५ ते २० तास लागत होते. (स्वयंपाक, हत्यारं दुरुस्त करणं वगैरे धरलं तर आकडा बराच वाढतो, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत.)

पण चूक म्हणायला कोणीतरी निवड करावी लागते, आणि इथेच तिला अडवा. फिरत्या टोळीत एक मूल चालतं होईपर्यंत दुसरं परवडत नाही, दोन मुलांत चारेक वर्षांचं अंतर असायचं. एका जागी राहिलं, पेज-लापशीसारखं मऊ अन्न मिळालं की दूध लवकर सुटतं, अंतर कमी होतं. प्रत्येक बाळ घरच्यांना हवंच असतं, आणि दहा पिढ्यांनी गावात इतकी तोंडं होतात की आजूबाजूचं रान त्यांना पुरत नाही. मागे फिरायचं म्हणजे कोणाला तरी उपाशी ठेवायचं. मला वाटतं ही गोष्ट १६ वर्षांच्या मुलीला नीट समजते, प्रत्येक पाऊल शहाणपणाचं होतं आणि तरी कुठे जातोय ते कोणाला दिसत नव्हतं.

सगळीकडे दार बंद झालं असंही नाही हं. ब्रिटनमध्ये सुमारे ६,००० वर्षांपूर्वी धान्यशेती पोचली आणि काही शतकांनी, इ.स.पूर्व ३३०० च्या सुमारास, तिथल्या बऱ्याच भागांत लोकांनी ती जवळपास सोडून दिली, जनावरं ठेवली आणि रानातले हेझलनट गोळा करू लागले, शेती पुन्हा जोरात आली ती जवळपास अठराशे वर्षांनी, इ.स.पूर्व १५०० च्या सुमारास. जपानमध्ये जोमोन लोक हजारो वर्षं मडकी करून, गावं वसवून राहिले, मुख्यतः मासे, चेस्टनट आणि शिकारीवर. म्हणजे रस्ते अनेक होते, तिला या दोन्हींवर स्वतः शोधून लिहायला सांगा.

आणि दातांचा मुद्दा ती काढणारच, तेव्हा मेहरगढ सांगा. बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळचं हे गाव, इ.स.पूर्व ७००० च्या आसपास तिथे जव पिकत होता, कच्च्या विटांची घरं होती. तिथल्या दफनभूमीत नऊ माणसांचे मिळून ११ दात असे सापडले की त्यांना गारगोटीच्या टोकाने भोकं पाडलेली आहेत, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वी, आणि त्यातल्या काही दातांना कीड लागलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या दिसतात. म्हणजे ती माणसं त्यानंतरही जगली आणि त्याच दातांनी चावत राहिली.